गुरुवारची नोंद

लँगहमच्या वर, एस्क नदी जिथे ओढ्याएवढी उरते,
तिथे आमची झोपडी. लाकडी.
खिळे पितळेचे, बिजागऱ्याही.
कुलूप नाहीच, सुतळीची गाठ.
गुरूकडे जायचं यंत्र आधी इथे
गप्प बसायला शिकतं.

पहिल्या दिवशी इसोबेल बीटीनं मला दारातच अडवलं.
किल्ल्या. पट्टा. केसांतले आकडे.
मग तिचं बोट माझ्या बांगडीवर आलं,
तिथे अडकवलेल्या तीन सेफ्टी पिनांवर.
"हे काय, शस्त्रागार?"
मी एकेक काढून तिच्या तळहातावर ठेवली.
आणि रक्तातलं लोखंड? मी विचारलं.
ते चालतं, म्हणाली. ते कुणाला ओढत नाही.

अंगठीएवढं कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे,
भिंगाखाली तिनंच घातलेले. चाळीस वर्षं हेच काम.
हे एवढंसं कडं यानापासून लांब,
दांडीच्या पार टोकाला बसणार,
म्हणजे यानाच्या पोटातली कुरकुर
ग्रहाची म्हणून नोंदली जायला नको.
"आपलं आपल्याला ऐकू येणार नाही, इतकं लांब,"
ती सांगायची,
आणि तिसरी साखर घालून चहा लाकडी चमच्यानं ढवळायची.

मग तिच्या छातीत पेसमेकर बसवला.
तेव्हापासून ती आत आली नाही.
कुणी अडवलं नव्हतं. नियम तिचाच होता.

गुरुवारी मात्र यायची.
अकरा वाजून दहा मिनिटांनी, जुनी लँड रोव्हर,
अंग ॲल्युमिनियमचं पण सांगाडा पोलादी,
मेंढ्यांच्या फाटकापाशी थांबायची, साठ पावलांवर.
काच खाली करून ओरडायची, "कुरकुर कितीवर आली?"
मी आकडा ओरडायचे. मेंढ्या वर बघायच्या.
आणि पडद्यावरच्या रेषेला तेवढ्यात एक टेंगूळ,
मोहरीएवढं.

गुरूच्या ध्रुवांवरचा उजेड विझतच नाही.
आपल्याकडे सूर्य खवळला तर पडदे हलतात;
त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.
दहा तासांत एक गिरकी, त्या गिरकीवरच तो पेटलेला,
जांभळ्याच्याही पलीकडच्या रंगात, डोळ्याला न दिसणाऱ्या.
त्या तेजाच्या कड्याबाहेर, जरा अंतरावर,
एक सुटा ठिपका. आयोचा.
चंद्र चार लाख किलोमीटरवर, खाली कधी उतरत नाही,
नुसता जातो तिकडून,
आणि ग्रहाच्या आकाशात त्याचं पाऊल उमटतं,
मागे पुसट ओला उजेड ओढत.

हे मी फाटकापर्यंत चालत जाऊन तिला सांगितलं.
हेही सांगितलं, की तिकडे होकायंत्र नेलं
तर उत्तर म्हणून दक्षिण दाखवेल.
"माझ्या नवऱ्यासारखं," ती म्हणाली, गाडी वळवत.

वहीत लिहायची पद्धत ठरलेली:
गुरुवार, ११.१०. वाहन. वगळावे.
दर आठवड्याला मी लिहायचे, वगळायचे,
रेषा सरळ व्हायची.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. अकरा दहा झाले.
अकरा वीस.
रेषा शांत, यंत्राला हवी तशी.
इतकी स्वच्छ नोंद या झोपडीनं पाहिली नसेल.
सुतळी सोडून बाहेर आले.
फाटकाशी धुकं, चाकांच्या जुन्या खाचा,
खाचांत पाणी. एक मेंढी ते पीत होती.

सोमवारी यंत्र न्यायला येतील.
मागच्या गुरुवारचं टेंगूळ अजून तसंच होतं,
काढायचं राहिलेलं.
वहीत तारीख घातली. वेळ घातली.
"वाहन" लिहिलं.
आणि पेन मिटून ठेवलं.